खाडीच्या तोंडाशी एक नगर

हल्ली इटलीला जाऊन आलेला मनुष्य आमच्या सोनिवलीतसुद्धा दर दोन इमारतींआड एक सापडतो. पूर्वी काशीहून आलेला माणूस जसा गंगेची गडवी वाटीत असे, तसा हा माणूस मोबाईलवरची छायाचित्रे वाटतो. झुकता मनोरा हाताने सावरणारी वहिनी, होडीत बसलेले भाऊजी, आणि कुठल्याशा जुन्या बंदरगावाच्या बोळात, झेंडी उंच धरलेल्या बाईच्या मागे कळपाने चालणारी आपली मराठी मंडळी. वर्णनाचा शेवट ठरलेला असतो : “काय जपलंय हो त्या लोकांनी! नाहीतर आपल्याकडे!”

आमच्या वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ दसऱ्याच्या सुमारास असेच जिनोव्याची जुनी पेठ पायी हिंडून परतले. समुद्रावरचे जुने शहर, मधोमध चौक, चौकात थोरले देऊळ, खानदानी सरदारांच्या हवेल्या, एक दरवाजा बंदराकडे उघडणारा. त्यांनी सगळे रंगवून सांगितले, आणि मग आमच्याकडे अनुकंपेने पाहत विचारले, “तुम्ही कधी जाणार?”

“येत्या रविवारी,” मी म्हणालो. “दिव्याला गाडी बदलून.”

त्यांना ती थट्टा वाटली. पण ती थट्टा नव्हती. समुद्रकाठचे जुने नगर, चौक, थोरले देऊळ, सरदारांच्या हवेल्या आणि बंदराकडे उघडणारा दरवाजा, हे सारे बदलापुराहून लोकलच्या तिकिटात पाहता येते. त्याचे नाव वसई.

आम्हा बदलापूरकरांना वसईचे आणखी एक नाते आहे. राजमाचीच्या डोंगरांत उगम पावणारी आमची उल्हास नदी कर्जत, बदलापूर, कल्याण करीत खाली उतरते, पुढे तिची खाडी होते, आणि ती समुद्राला मिळते ती थेट वसईच्या किल्ल्याच्या पायाशी. म्हणजे आमच्या गावावरून वाहत गेलेल्या पाण्याने वसईचा किल्ला केव्हाच पाहिला आहे. राहिलो होतो ते आम्हीच.

निघालो तिघे. मी, आमची सौ., आणि दहा वर्षांची नात. नातीला शाळेत ‘चिमाजी अप्पांचा पराक्रम’ या विषयावर निबंध लिहावयाचा होता, तेव्हा तिच्या दप्तरात वही, दोन पेन्सिली आणि आजीने भरलेला चिवड्याचा डबा असा दारूगोळा होता. दिव्याहून वसईकडे जाणारी गाडी कोपर, भिवंडी रोड, खारबाव, कामण रोड, जुचंद्र अशी स्थानके घेत जाते. खिडकीतून कधी खाडी दिसे, कधी मिठागरे, कधी गोदामांचे पत्रे. पावसाळा नुकताच सरला होता. डोंगर अजून हिरवे, आणि ऊन मात्र ऑक्टोबरचे, पाठीत सुई टोचावी तसे.

वसई रोडला मास्तर उतरवून घ्यायला आले होते. मास्तर हे माझे बी. एड.च्या वर्गातले सोबती. वसईचे ख्रिस्ती, जन्मभर मराठी शिकवून निवृत्त झालेले. व्याकरणात माझ्यापेक्षा कडक. मला आल्याआल्या म्हणाले, “गुरुजी, ‘वसईला किल्ला आहे’ असे म्हणू नका. वसईला एक शहर आहे, आणि त्या शहराला तट आहे. किल्ला पाहायला याल तर तासाभरात कंटाळाल. शहर पाहायला आलात तर दिवस पुरणार नाही.”

हे त्यांचे म्हणणे खरे होते. आपण मराठी माणसे गडांवर वाढलेली. गड म्हटला की डोंगर, बुरूज, टाके आणि वर दोनचार कोठारे. वसईचा किल्ला तसा नाही. सुमारे ११० एकरांच्या सपाट जमिनीभोवती फिरवलेली ही भिंत. तिला दहा बुरूज. तीन बाजूंना पाणी आणि दलदल. उरलेल्या एका बाजूने जमिनीची वाट. गुजरातचा सुलतान बहादुरशहा याने २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांना दिली. तेथपासून १७३९ पर्यंत, म्हणजे २०५ वर्षे, हे त्यांच्या ‘उत्तर प्रांता’चे मुख्य ठाणे होते. दमणपासून खाली चौलपर्यंतच्या मुलखाचा कारभार येथून चाले.

आम्ही पारनाक्यावरून जमिनीच्या दरवाजाने आत शिरलो. हा दरवाजा सरळ नाही. आत शिरताच वाट वळते, पुन्हा वळते. शत्रूने पहिले दार फोडले तरी दुसऱ्यासमोर त्याला सरळ धाव घेता येऊ नये ही योजना. नातीने ते लगेच ओळखले. “म्हणजे लपंडावात आपण वळणावर लपतो तसं!” मास्तरांनी तिच्या वहीत पहिली खूण करायला लावली.

आत गेल्यावर मात्र थक्क व्हायला होते. वड-पिंपळांच्या मुळांनी आवळलेल्या भिंती, छप्पर नसलेल्या इमारती, आणि त्यांच्यामधून जाणारे रस्ते. होय, रस्ते! गेमेल्ली कारेरी या नावाचा नेपल्सचा एक वकील नोकरीत मन रमेना म्हणून जगप्रवासाला निघाला आणि १६९५ साली येथे आला. मायदेशी परतून त्याने आपल्या जगप्रदक्षिणेचे मोठे पुस्तक छापले. त्याला वसईचे रस्ते सरळ आणि रुंद वाटले, चौक आणि त्याभोवतालच्या इमारती चांगल्या वाटल्या. नेपल्सच्या माणसाने रस्त्यांना रुंद म्हणावे हे विशेषच. पण त्यानेच आणखी एक गोष्ट टिपली आहे : शहराचा उत्तरेकडचा जवळजवळ तिसरा हिस्सा साथीच्या भयाने ओस पडला होता. वसई पडण्याआधी चव्वेचाळीस वर्षे वसई आतून रिकामी होऊ लागली होती, हे आमच्या निबंधांत सहसा येत नाही.

त्याच्या वीस वर्षे आधी, १६७५ साली, जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर येथे आला होता. त्याने हवेल्यांचे वर्णन केले आहे : दोन मजली, झाकलेले सज्जे, मोठाल्या खिडक्या, आणि खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या. सौ. म्हणाली, “आमच्या मालवणच्या आजोळी अशी एक खिडकी होती. दुपारचं ऊन आत यायचं ते दुधासारखं होऊन.” त्या एका वाक्याने समोरच्या उघड्याबोडक्या भिंतींना क्षणभर खिडक्या बसल्या.

वाटेत चिमाजी अप्पांचे स्मारक लागते. नातीने चपला काढल्या. सौ.ने हात जोडले. पण जोडताना तिची नजर किंचित मास्तरांकडे वळली. अशा नजरा बायका फार हळू टाकतात, तरी ज्याच्याकडे टाकतात त्याला त्या कळतात. मास्तरांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि ते शांतपणे उभे राहिले.

मग मला म्हणाले, “गुरुजी, तीस वर्षं मी हा धडा वर्गात शिकवला. वसईच्या वर्गात. अर्धी मुलं हिंदू, अर्धी ख्रिस्ती. ‘मराठ्यांनी वसई जिंकली’ असं वाक्य वाचलं की पुढच्या बाकावरचा एखादा पोरगा हटकून मागे वळून बघायचा आणि माझ्या जातभाईच्या पोराला म्हणायचा, ‘तुमचे लोक हरले.’ दर वर्षी. पोरं बदलायची, वाक्य तेच.”

“मग तुम्ही काय करीत होता?”

“छडी मारून हे वाक्य जात नाही. मी सगळा वर्ग इथं घेऊन यायचो.”

आम्ही बालेकिल्ल्याकडे वळलो. शहराच्या पोटातला हा जुना कोट; आधी हा झाला, मग भोवतालचे शहर वाढले तसा बाहेरचा तट उभा राहिला. गव्हर्नर नुनो द कुन्हाच्या हुकुमाने पहिला किल्लेदार गार्सिया द सा याने हा कोट १५३६ साली बांधला, असा शिलालेख येथे होता. दरवाजावर राजचिन्हे कोरलेली दिसतात. आसपास तीन मोठ्या मठांचे अवशेष आहेत : जेझुइटांचा, फ्रान्सिस्कनांचा आणि डॉमिनिकनांचा. जेझुइटांच्या चर्चची दर्शनी भिंत अजून उभी आहे; तिचे नक्षीचे खांब आणि कमान पाहून आमच्या वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांना नक्की जिनोव्याची आठवण झाली असती. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये जमीन म्हणून आपण ज्यावर पाय ठेवतो ती थडग्यांच्या शिळांची फरसबंदी आहे. अक्षरे, कुळांची चिन्हे, साले. त्यावरून सरडे पळतात. सौ. तेथून कडेकडेने गेली. “कुणाचंही असलं तरी माणूसच निजलंय ना खाली,” म्हणाली.

हा सगळा काळा दगड येथलाच. वसईचा दगड इतका नावाजलेला, की तो गलबतांतून गोव्याला जाई. गोव्यात सगळा जांभा. बारीक कोरीव कामाला तो चालत नाही. जुन्या गोव्याच्या बॉम जेझू चर्चच्या दर्शनी भागावरचे कोरीव काम वसईहून नेलेल्या काळ्या दगडाचे आहे. आपण गोव्याला जाऊन ज्यापुढे फोटो काढतो तो दगड सह्याद्रीच्या कुळातला, आपला शेजारी.

या बालेकिल्ल्यात एकोणिसाव्या शतकात साखरेचा कारखाना निघाला होता, हे ऐकून नातीला फार गंमत वाटली. मराठ्यांनी घेतल्यावर वसईचे नाव बाजीपूर ठेवले होते. १७८० च्या डिसेंबरात जनरल गॉडर्डने ती घेतली. सालबाईच्या तहाने ती पुन्हा मराठ्यांकडे आली. आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी जो तह केला तो येथेच. चिमाजी अप्पाने जे ठाणे जिवाच्या करारावर मिळवले, त्याच ठाण्यात त्याच्या भावाच्या पणतवाने, नाही, नातवाने— मी नात्याचा हिशेब मांडू लागलो तो नातीनेच बोटांवर सोडवला : थोरला बाजीराव, त्याचा राघोबा, राघोबाचा दुसरा बाजीराव. नातूच. त्या नातवाने स्वराज्याचे कुलूप येथेच इंग्रजांच्या हाती दिले. वसई म्हणजे नुसता विजय नव्हे. त्रेसष्ट वर्षांच्या अंतराने विजय आणि घात दोन्ही येथे झाले. मग इंग्रजांना या जागेचा काही धाक उरला नाही; त्यांनी ती भाड्याने द्यावी आणि तेथे उसाचा रस उकळावा, यात नवल ते काय?

एका पिंपळाखाली बसून आम्ही डबा उघडला. समोर एक नवपरिणीत जोडपे छायाचित्रकाराच्या आज्ञेने भिंतीवर चढत होते. मुंडावळ्या काढून झाल्या होत्या, हौस राहिली होती. येथे चित्रपटांचे चित्रण पुष्कळ होते. २०१६ साली एका जगप्रसिद्ध विलायती गायकवृंदाच्या गाण्यातही हे भग्न शहर सगळ्या जगाने पाहिले. पाटी मात्र पुरातत्त्व खात्याची, आणि तिच्याच पाठीमागे कुणा प्रेमवीराने दगडात बाण कोरलेला. आपल्या राष्ट्रात प्रेम हे नेहमी संरक्षित स्मारकावरच जडते.

नातीने वही उघडली आणि विचारले, “पण मास्तर आजोबा, लढाई का झाली?”

मास्तर सरसावून बसले. मी पाहत होतो. ख्रिस्ती शिक्षक हिंदू मुलीला हा धडा कसा शिकवतो हे मला पाहावयाचे होते.

त्यांनी काही लपवले नाही. पोर्तुगीज राजवटीत देवळे पडली, जुने सण-समारंभ उघडपणे करण्याला बंदी आली, धर्मसभेचा जाच झाला, हे त्यांनी स्वच्छ सांगितले. भिवंडीजवळच्या अंजूरचे गंगाजी नाईक पेशव्यांकडे वर्षानुवर्षे खेटे घालत होते, हेही सांगितले. मग त्यांनी जमिनीवर काडीने नकाशा काढला. “हे बघ, वसईला तीन बाजूंनी पाणी. पाण्यातून मदत येत राहिली तर वेढा शंभर वर्षं चालेल. म्हणून मराठ्यांनी आधी भोवतालच्या दोऱ्या तोडल्या. १७३७ त ठाणं घेतलं. तिथला किल्ला पोर्तुगिजांचा बांधून पुरा झाला नव्हता. १७३९ च्या सुरुवातीला वर उत्तरेला माहीम, केळवं, तारापूर. मग वेसावं. मग खाडीच्या पलीकडचं धारावी बेट. ती मुंबईतली धारावी नव्हे, ही भाईंदरकडची. तिकडे गोव्यावर वेगळी फौज पाठवून गोव्याचे हात बांधले. आता वसई एकटी राहिली.”

“आणि मग?”

“मग जमिनीच्या बाजूनं भिंतीखाली भुयारं खणली. बिळासारखी. दारू भरली. मे महिन्याच्या उकाड्यात सुरुंग उडवले. भिंतीला खिंडार पडलं, त्यातून माणसं घुसली, आतल्यांनी ती कापली, पुन्हा घुसली. दोन्हीकडची माणसं शूर होती, हे लिहून ठेव. मराठ्यांची हजारो माणसं कामी आली. किल्ला येत नाही तर निदान माझं शिर तरी तोफेनं आत टाका, असं अप्पा म्हणाले अशी आख्यायिका आहे. आख्यायिका असली तरी तो हट्ट खरा होता.”

१६ मे १७३९ रोजी तह झाला. शहराला बाहेर पडायला आठ दिवसांची मुदत. शिपायांनी हत्यारांसह, नगारे वाजवीत, निशाणे फडकावीत जावे. नागरिकांनी आपली जंगम मालमत्ता बरोबर न्यावी. ज्यांना मागे राहायचे असेल त्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक असावी. एवढी माणसे गमावलेल्या विजेत्याने या अटी दिल्या आणि पाळल्या. मला विचाराल तर तटावर निशाण चढले त्या क्षणापेक्षा हा कागद चिमाजी अप्पाची उंची अधिक दाखवतो. चर्चच्या घंटा मात्र विजयाची खूण म्हणून घाट चढून गेल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा प्रसिद्धच आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणिसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर जी घंटा आहे तिच्यावर १७०७ हे साल आहे. आरतीच्या वेळी त्या वाजतात. कुठल्याही देवाने अजून तक्रार केलेली नाही.

“आता मी वर्गाला विचारायचो तो प्रश्न,” मास्तर म्हणाले. “समजा हे १६७५ साल आहे. सूर्य मावळतो आहे. दरवाजे बंद होणार. सांग बघू, तुझं घर कुठं आहे? तटाच्या आत की बाहेर?”

नातीने भोवतालच्या हवेल्यांकडे पाहिले. “आत?” ती आशेने म्हणाली.

“नाही. आत राहायचा मान खानदानी पोर्तुगीज कुटुंबांचा आणि पाद्र्यांचा. वाणी-उदमी दिवसा धंद्याला यायचे आणि रात्री बाहेरच्या पेठेत परतायचे. तुझं घर बाहेर.”

“आणि तुमचं?”

मास्तर हसले. “बाळ, माझे पूर्वज तिकडे नंदाखालच्या वाडीत केळीला पाणी शिंपीत होते. माझंही घर बाहेरच. आम्हाला देव दिला त्यांनी, हवेली नाही दिली. हे एकदा पोरांना इथं उभं करून दाखवलं, की परतीच्या वाटेवर ‘तुमचे लोक’ आणि ‘आमचे लोक’ थोडे कमी ऐकू यायचे. पुढच्या वर्षी पुन्हा नवी पोरं. पुन्हा सहल.”

मी जन्मभर इतिहास शिकवला. सनावळ्या घोकून घेतल्या, नकाशे भरून घेतले. पण भिंतीच्या कुठल्या अंगाला तुमचे घर असते, हा प्रश्न मला कुणी शिकवला नव्हता. तो मी त्या दिवशी मास्तरांकडून घेतला.

त्याच दमात त्यांनी गोन्सालो गार्सियाची गोष्ट सांगितली. हा येथेच, १५५७ च्या सुमारास जन्मला. बाप पोर्तुगीज, आई येथली. जपानात व्यापार केला, पुढे फ्रान्सिस्कन संघात धर्मबंधू झाला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला त्याला क्रुसावर चढवण्यात आले. १८६२ साली रोमला पोपने त्याला संतपद दिले. हिंदुस्थानात जन्मलेला हा पहिला संत. वसईच्या खाडीतून निघालेले एक पोर जपानात मरते आणि रोममध्ये पुजले जाते. इतके लांबचे रस्ते या छोट्या बंदरातून फुटत होते. आणि येथल्या ख्रिस्ती समाजाने भाषा सोडली नाही. त्यांच्या सामवेदी बोलीला कादोडी म्हणतात. ती कानावर पडली की शब्द ओळखीचे वाटतात आणि अर्थ निसटतो. वसईची भाजी आणि फुले घेऊन या बायका पहाटेच्या गाडीने मुंबईला येत; सुकेळी ही येथलीच, वाळवून मधासारखी केलेली केळी. याच भूमीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी मराठीत ‘सुबोध बायबल’ लिहिले, वसईची हिरवाई वाचावी म्हणून चळवळ केली, आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्यसंमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ च्या जुलैत ते गेले. मास्तर त्यांचे नाव घेताना क्षणभर थांबले.

उन्हे कलली तेव्हा आम्ही शहर ओलांडून समुद्राकडे निघालो. वाटेत नागेश्वराचे देऊळ लागते. तेथे तेल-वातीचा वास आणि थंडगार फरशी. पुढे सेंट जोझेफचे कॅथीड्रल, शहराचे थोरले देऊळ. १६०१ मध्ये ते वाढवून बांधले असा लेख त्यावर होता. त्याचा मनोरा अजून ताठ उभा आहे. पलीकडच्या तीरावरूनही तो प्रथम दिसतो. मग समुद्रदरवाजा, आणि दरवाजाबाहेर एकदम किल्लाबंदर. भग्न शहरातून जिवंत गावात पाऊल पडते ते अक्षरशः एका उंबऱ्यावरून. कोळ्यांची घरे, दारात क्रूस, दोरीवर वाळणारे बोंबील, जाळी दुरुस्त करणारे म्हातारे, आणि आंगण्यात आकाशकंदिलाच्या काड्या बांधणारी मुले. घर ख्रिस्ती होते की हिंदू हे त्या काड्यांवरून सांगता येत नव्हते.

सौ.ने सुक्या बोंबलांचा भाव विचारला. कोळीण म्हणाली, “वयनी, तुमी लांबून आल्याव, म्हणून सांगते.” लांबून आलेल्याला जो भाव सांगतात तोच तिने सांगितला. मग दोघींनी मिळून तो खाली आणला. या तहाला मात्र आठ दिवस लागले नाहीत.

धक्क्यावर आम्ही उभे राहिलो. समोर रुंद खाडी, पलीकडे भाईंदर-उत्तनची काळी किनार, वर रेल्वेचा पूल. ओहोटी लागली होती. पाणी समुद्राकडे ओढत होते. मास्तर म्हणाले, “२३ मे १७३९ ला ते लोक इथून गेले. काही मुंबईला, इंग्रजांच्या आसऱ्याला. काही चौलला, गोव्याला.”

नात बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, “त्यांच्यात मुलं पण होती?”

“होती ना.”

“त्यांचा जन्म इथलाच?”

“त्यांचा काय, त्यांच्या आज्यांचाही इथलाच. दोनशे वर्षं म्हणजे सात-आठ पिढ्या.”

“मग ती घरी कुठं गेली? घर तर इथंच होतं.”

मास्तरांनी माझ्याकडे पाहिले. उत्तर देण्याची पाळी माझी होती.

मला उल्हासनगर आठवले. आमच्या बदलापुराहून दोनचार स्थानकांवर. दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी. १९४७ नंतर तिच्या बराकींत सिंधमधून सर्वस्व सोडून आलेली माणसे राहिली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वस्तीला या नदीचेच नाव मिळाले. तेथले एक कापडवाले माझ्या ओळखीचे होते. त्यांच्या आई फार म्हाताऱ्या होईपर्यंत जगल्या. त्या कराचीच्या घराविषयी नेहमी वर्तमानकाळात बोलत : आमच्या अंगणात हौद आहे, माडीवरून बंदर दिसते. चाळीस वर्षांनंतरही ‘होते’ हा शब्द त्यांच्या तोंडी कधी आला नाही. व्याकरणाचा शिक्षक असूनही मी तो काळ कधी दुरुस्त केला नाही.

नातीला मी एवढेच सांगितले. नदी एकच. तिच्या वरच्या काठावर घर सुटलेली माणसे येऊन राहिली, खालच्या काठावरून माणसे घर सोडून गेली. कोण जिंकले, कोण हरले, ते सन सांगतो. राज्य अन्यायाचे होते, ते गेले हे चांगले झाले, आणि ज्यांनी ते घालवले त्यांच्यापुढे तू हात जोडलेस ते योग्यच केलेस. पण मुलांना राज्य नसते. त्यांना घर असते. तेव्हा दोन्ही गोष्टी लिही.

“निबंधात दोन्ही चालतात?” तिने शंका काढली. “बाईंनी मुद्दे दिलेत.”

“मुद्द्यांच्या खाली थोडी जागा असते,” मास्तर म्हणाले. “तिथं लिही. मी तपासत असतो तर गुण दिले असते.”

परतीच्या गाडीत तिने लिहिले. खारबावच्या आसपास अंधार पडला, सौ.च्या पिशवीतल्या बोंबलांनी डब्यातल्या चारचौघांना अस्वस्थ केले, आणि वही माझ्या हातात आली. सुरुंग होते, तोफा होत्या, भिंतीचा नकाशा होता. अप्पांच्या तहाच्या अटी एकाखाली एक मांडल्या होत्या. आणि मुद्दे संपल्यावर खाली, पेन्सिलीने जरा बारीक अक्षरात : ‘वसईला मोठे शहर आहे. तिथल्या खिडक्यांना शिंपल्या आहेत. त्यातून ऊन दुधासारखे येते.’

मी काळ दुरुस्त केला नाही.